पिशवीतले देव आणि बंद पडणारी गाडी

वैशाखात माझी बायको गेली. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. चाळीस वर्षं देवाला पाणी घातल्याशिवाय जिनं चहाचा घोट घेतला नाही, तिच्यासाठी देवाला तीन दिवसांत एकदाही डोळा उघडता आला नाही, हे मला पटलं नाही. खरं तेच लिहितो, मी देवाला शिव्या दिल्या. दिवा लावणं बंद केलं. मूर्तींवर धूळ बसली तरी फडकं फिरवलं नाही.

देव म्हणजे तरी काय, पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. आमच्यात मुलगी सासरी निघाली की आईबाप तिच्यासोबत हे दोघं देतात. ती पवनारची. अल्लीपूरला माझ्या घरी आली ती या दोघांना घेऊनच. मी त्यांना कधी हात लावला नव्हता. देव तिचे आणि फटफटी माझी, अशी आमची वाटणी होती.

बैल विकले त्या सालापासून पोळ्याला ती फटफटीलाच ओवाळायची. ओल्या फडक्यानं पुसायची, टाकीवर कुंकवाचं बोट लावायची, चाकापुढे पुरणपोळीचा तुकडा ठेवायची. मी हसायचो. यंदा ती नव्हती आणि मला ते घर खायला उठलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतात, ते मी लहानपणापासून केलेलं. मी गाडी नाल्यावर नेली, बैलासारखी काथ्यानं खसाखसा घासली. टाकीखाली कार्बोरेटर जिथं रबरी नळीनं इंजिनाला जोडलेला असतो, तोच तिचा खांदा समजलो आणि हळद-लोणी दाबून दाबून चोळलं. वेड्यासारखं वाटेल, पण त्या दिवशी माझ्या हातांना काहीतरी काम पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली. रेस दिली की चालते, हात सोडला की मरते. गावातल्या मिस्त्रीनं कार्बोरेटर तीनदा खोलला. जेट फुंकला, प्लग बदलला, शेवटी स्क्रू पिळून स्लो, म्हणजे उभ्या गाडीचा वेग, वाढवून दिला. त्यानं एवढंच झालं की उभी राहिली की बोंबलायची आणि बोंबलून बोंबलून मरायची. चौकातले म्हणाले, आता भंगारात द्या. मी घरी आलो आणि देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो. म्हटलं, तिला नेलंस, आता जिच्यावर तिला मागे बसवून फिरलो ती गाडीही नेतोस. मग तू तरी इथं कशाला राहतोस? जिथून आलास तिथंच जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मूर्ती एका टॉवेलात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि पवनारला निघालो. तिच्या माहेरी आता कोणी उरलं नाही, पण धाम नदी आहे. तिच्यात सोडून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. पिशवी हँडलला अडकवली. रस्ताभर मी मूठ पिळूनच होतो. फाटकाशी थांबलो तरी रेस, गतिरोधक आला तरी रेस. वर्धा ओलांडेपर्यंत मनगट भरून आलं. पवनार थोडंच राहिलं होतं आणि समोरून शेळ्यांचा कळप आडवा आला. ब्रेक मारताना मूठ सुटली. गाडी मेली. किका मारून मारून धाप लागली. एकदाची सुरू झाली तर मी तिथंच रेस धरून उभा. निघायची हिंमत होईना.

रस्त्याच्या कडेला हापशीवर एक बाई धुणं धूत होती. पन्नाशीची असेल. मागे पत्र्याचं छोटं दुकान, दाराला टायर टांगलेलं. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग ओरडली, "काकाजी, आवाज कमी करा ना जी! म्हशी बुजून राह्यल्या."

"हात काढला का मरते ते."

"काऊन मरते?"

"कार्बोरेटर खराब हाये. मिस्त्रीनं तीनदा खोलला."

"मंग चवथ्यांदा खोलून काय भेटन?" असं म्हणत ती ओलं लुगडं हातात घेऊनच आली. पदर खोचला, गाडीशी उकिडवी बसली. मला म्हणाली, रेस थोडीशीच धरा, हलवू नका. मग तिनं कान पुढे करून लुगड्याचा पिळा दाबला आणि पाण्याचे थेंब टाकीखाली पाडत गेली. आधी कार्बोरेटरवर, मग त्या रबरी नळीवर. नळीवर पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला. घशात घोट अडकावा तसा.

"आइका. पाणी पिऊन राह्यली. इथूनच हवा ओढते ते, म्हणून मरते. कार्बोरेटरचा काही दोष नाई." मग तिनं बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "अन् हे पिवळं काय जी? गाडीचं लगन लावलं काय?"

"हळद-लोनी हाये. पोळ्याले खांदा मळला तिचा."

ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसली. वैशाखापासून मी हसलो नव्हतो. मलाही हसू आलं. लोण्याचा वाळलेला थर तिनं नखानं खरवडला, तर खाली रबराला ही लांब चीर. जुनं वाळकं रबर मीच काथ्यानं घासून, दाबून फाडलं होतं आणि वरून लोण्यानं लिंपून टाकलं होतं. मिस्त्रीला ती दिसणार कशी? आणि शिव्या मी कोणाला देत होतो?

ते गाडीदुरुस्तीचं दुकान तिच्या नवऱ्याचं होतं. त्याचे हात आता थरथरतात, म्हणून दुकान बंद. "बावीस वर्सं त्यायच्या हातात पाने देल्ले, एवढं तं समजनच ना," ती म्हणाली. आतून तिनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आणली. हात अडतो म्हणून हँडलची पिशवी काढली, तर मूर्तींचा आवाज झाला.

"काय हाये जी यात?"

"देव हायेत. माह्या बायकोचे. ते गेली. नदीत सोडाले चाललो."

"काऊन? पूजा नाई येत?"

"राग हाये मले."

तिनं पिशवी जमिनीवर ठेवली नाही, आपल्या मांडीवर घेतली. पट्टी ओढून ओढून नळीवर गुंडाळली, वरून तार आवळली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "राग हाये तं घरीच करा ना काकाजी. नदीत सोडल्यावर कोनावर कराल?"

तिनं गाडी सुरू करायला लावली. मिस्त्रीनं पिळलेला स्क्रू हळूहळू उलटा फिरवला, तसं बोंबलणं उतरत गेलं. मी मूठ धरूनच होतो.

"आता हात काढा."

"मरन ते."

"मेली तं पुन्हा किक मारू. काढा तं खरं. तिचं तिले राहू द्या."

मी हात काढला. गाडी एकदा अडखळली, मग लागली आपली संथ डुगडुगायला. एक मिनिट, दोन मिनिटं. कोणी धरलेलं नाही आणि चालू आहे. माझा हात हवेत तसाच राहिला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईनं ते पाहिलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि धुणं पिळायला गेली.

धाम नदी पुढे दिसत होती. मी गाडी वळवली आणि अल्लीपूरला आलो.

कोणी म्हणेल, त्यात देवाचं काय? रबर फाटलं होतं, जाणत्या बाईनं बांधलं. बरोबर आहे, मी भांडत नाही. पुढे एकदा मी त्या बाईच्या घरी आंबाडीची जुडी घेऊन गेलो, तर ती म्हणाली, मी तं धुणं धुवून राह्यली होती, माहं काय त्यात. पण शेळ्या फर्लांगभर पुढे आडव्या आल्या असत्या, तर ती बाई भेटली नसती, देव आज नदीच्या तळाशी असते आणि मी घरात एकटा. एवढंच मला माहीत आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी दोघांना पहिल्यांदा आंघोळ घातली. मंत्र येत नाही. पुसता पुसता मनातलं सगळं तोंडावर बोललो, तिला का नेलंस, माझा तरी विचार करायचा होतास. आवाज चढला, शेजारीण डोकावून गेली. उत्तर आलं नाही. पण बोलून झाल्यावर मन हलकं झालं, जसं घरचं माणूस ऐकून घेतं तेव्हा होतं. बायकोला मी धरून ठेवू शकत नव्हतो आणि ती माझ्या चुकीनं हातून सुटली असंही नाही, हे त्या दिवशी समजलं. आता रोज सकाळी आधी पाणी, मग चहा. काही दिवशी अजून भांडतो. तो ऐकून घेतो. देवा, तुझे उपकार, तू घरीच राहिलास.