घासाघीस शिकवणारे मास्तर

दोन हजार तेवीस साल, माझं वय बहात्तर. बोईसरच्या बाजारात मी सुके बोंबील विकतो, आणि एकदा सांगितलेला भाव देवालाही कमी करत नाय.

माझं एक गिऱ्हाईक म्हणजे धंदा शिकवणाऱ्या कॉलेजातले मास्तर. बोलताना तीन बोटं वर करतात, "बाबा, यात तीन मुद्दे आहेत," आणि तिसरा कधी येत नाय. त्यांनी बाजारातल्या घासाघिशीवर संशोधन केलं, ते परदेशात छापून आलं, कॉलेजाने शाल घातली. पण स्वतः मास्तर सांगितला भाव मुकाट देतात, वर "थँक्यू" म्हणतात.

एका संध्याकाळी ते घाम पुसत आले. "बाबा, उद्या पोरांना इथे आणतोय. म्हणतात, सर, एकदा स्वतः करून दाखवा. वीस रुपये कमी करा, नाहीतर माझी अब्रू जाईल."

"नि माझी?" मी म्हटलं. "सगळा बाजार बघेल. नाय जमणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पोरांचा घोळका घेऊन उभे राहिले. भाव ऐकून त्यांनी तीन बोटं वर केली आणि तिन्ही मुद्दे विसरले. "कमी करा ना," एवढंच पुटपुटले.

शेजारच्या कोळणीकडे न बघता मी मोठ्याने म्हटलं, "न्या, वीस कमी द्या!"

"अगो बाय, म्हातारा वाकला!" ती किंचाळली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर हरखले, आणि सवयीने पूर्ण पैसे देऊन "थँक्यू" म्हणाले.

मी नोटा पटकन मांडीखाली सारल्या. पोरांना दिसायला नकोत.