पालखीचा खांदा

माझा चुलतभाऊ माझ्याहून वर्षाने लहान. आमची घरं एकाच वाडीत, देवरूखची जिमही एकच, आणि दुर्दैवाने वजनी गटही एकच. पॉवरलिफ्टिंगच्या राज्य स्पर्धेला आमच्या गटातून जिल्ह्याचा एकच माणूस जाणार होता. तो मीच, हे जिममध्ये सगळे धरून चालले होते. मीही. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्यात, तो कायम माझ्या मागे असायचा. तेवढ्यासाठीच तर मला तो आवडायचा.

निवड चाचणी महिन्यावर आली असताना सरावात माझ्या कमरेत चमक भरली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, "स्नायू दुखावलाय. तीन आठवडे काहीही उचलू नका, चाचणीला आरामात उभे राहाल." मी मान डोलावली. जिममध्ये जाऊन बाकावर बसायचो आणि त्याचा सराव बघायचो. तो उचलत असलेलं वजन रोज थोडं थोडं वाढत होतं. वर दर वेळी तो मलाच विचारायचा, "पाठ सरळ व्हती ना रे?" सरळ असायची. म्हणूनच माझा तिळपापड व्हायचा.

त्यात शिमगा आला. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी नुसती मिरवत नाहीत, ढोलाच्या तालावर खांद्यावर नाचवतात. खाली बसायचं, गिरकी घ्यायची, झटक्यात उठायचं. दरवर्षी पुढचा खांदा माझा असे. यंदा तो त्याला मिळाला. मी कमरेला पट्टा बांधून अंगणाच्या कडेला उभा. तो बेभान नाचवत होता. आई शेजारणीला म्हणाली, "पोराच्या अंगात देवच आलाय जनू." माझी स्वतःची आई.

मला राहवलं नाही. मी घुसलो आणि त्याच्या खांद्यावरची दांडी माझ्या खांद्यावर घेतली. देवाच्या कामाला कोण कुणाला अडवणार? तो निमूट बाजूला झाला. मी बसलो, गिरकी घेतली, आणि उठताना कमरेत कट्कन वाजलं. पायातला जोर गेला. पालखी कलली. ती जमिनीला टेकती तर गावाने मला जन्मभर ऐकवलं असतं. पण तो शेजारीच होता. त्याने वाकून खांदा घातला आणि ताल न चुकवता पालखी उचलून नेली. लोकांना वाटलं, आम्ही ठरवूनच खांदा बदलला.

मणक्यातली चकती सरकली होती. मी अंथरुणातून कुशीवर वळून उठायला शिकत होतो, तेव्हा त्याची निवड झाली. भेटायला येताना माझ्यासाठी बांगडे आणायचा, त्यामुळे धड रागावताही येईना.

स्पर्धेहून त्याचा फोन आला. कांस्यपदक. मी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, डेडलिफ्टला किती? आकडा माझ्यापेक्षा कमी होता. फार बरं वाटलं.

"तिसऱ्या, शेवटच्या उचलीला काय झालं?"

"घेतलीच न्हाय. दुसऱ्या उचलीला कमरेत जरा चमकलं. घेतली असती तर रौप्य व्हतं. पण पालखीखालचा तुजा चेहरा आठवला, नि पट्टा सोडून गप बसलो."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. त्या पुढच्याला काय वाटतं, हे मात्र कोणी विचारत नाही. तो गावात आला तो ताठ कमरेने, आणि आईने त्याला ओवाळलं. पदकाचा हेवा मी एक वेळ गिळला असता. पण पाठ माझी गेली आणि शहाणपण त्याला आलं, हे मला अजून गिळवत नाही.