साच्यावरचा हात

बालाजी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती देण्याचं काम माझ्याच वाट्याला आलं, आणि ते मी चुकीचं केलं. मार्गशीर्षातली सकाळ होती. नांदेडात थंडी कमी पडते म्हणणाऱ्यांनी मार्गशीर्षात येऊन बघावं. नऊच्या सुमारास मी माझं सीट कव्हरचं दुकान उघडलं, तर मागच्या, बालाजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंपाची घरघर चालू होती. म्हणजे स्वारी पहाटेच येऊन बसली होती. चहा सांगून मी आत गेलो. बालाजी स्टुलावर बसला होता, डोकं टेबलावर टेकलेलं, उजवा हात साच्यावरच्या प्लास्टिकवर पालथा. "झोपायला घर न्हाई का रे तुला?" म्हणत मी तोच हात धरला. हात गरम होता... चांगला ऊबदार. त्यामुळं तो ओ देईना तरी मी घाबरलो नाही. शेजारच्याला रिक्षा आणायला पिटाळलं आणि चाकूरला माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोला, शोभावहिनींना फोन लावला. "वहिनी, त्याला चक्कर आली हाय. घाबरू नका, हात गरम हाय." दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि, जाऊन दोन-तीन तास झाले, असं सांगितलं. तिथं पहिल्यांदा मी त्याचा डावा हात धरला. तो दगडासारखा गार होता. वहिनी तोवर बसमध्ये बसल्या होत्या.

बालाजी मूळचा चाकूरचा. लातूरला फायबरच्या कूलर बॉडी बनवायचा. तिथं जमेना म्हणून नांदेडला आला आणि माझ्या दुकानामागं शेड टाकून कार्बन फायबरच्या नादी लागला. गाडीच्या आतल्या पट्ट्या, डॅशबोर्डवरच्या, दारावरच्या... मूळ पट्टीवरून साचा घ्यायचा, त्याला मेण चोळायचं, विणलेलं काळं कापड त्यात बसवून रेझीन, म्हणजे नंतर कडक होणारा चिकट रस, भरायचं, वरून प्लास्टिक लावून पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. टेबलाखाली प्लायवूडच्या खोक्यात मोठे बल्ब लावलेले असत, त्या उष्णतेवर माल घट्ट होई. कापडाला नुसतं बोट लागलं तरी वीण वाकडी होते, म्हणून मला टेबलापासून चार हात लांब उभं करायचा. "तुमची फोमवाल्यांची जात. दिसलं की दाबून बघता." स्वतः मात्र दर थोड्या वेळानं प्लास्टिकवर तळहात ठेवून बसे, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "अजून ताप चढला न्हाई," म्हणायचा. नाहीतर, "आता उतरून राहिला." उष्णता मोजायचं यंत्र घे, आकडा दिसतो, असं मी किती वेळा सांगितलं. ऐकेल तर बालाजी कसला!

त्याची एक गोष्ट मी त्याच्या हयातीत कुणाला सांगितली नव्हती. लोह्याच्या रस्त्यावर अपघात झालेली एक गाडी कुणीतरी स्वस्तात घेतली होती. ती आतून नवी करायला आमच्याकडं आली. डावीकडची, सीटसमोरची पट्टी मी स्वतः पुसून दिली, चांगली गुळगुळीत होती. बालाजीनं तिच्यावरून साचा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी काळा चकचकीत माल बाहेर निघाला, तर त्यावर चार बारीक रेघा... शेजारी शेजारी, नखांनी ओरबाडल्यागत खाली ओढत गेलेल्या. मूळ पट्टी उन्हात तिरकी धरली तेव्हा कुठं तिच्यावरही त्या दिसल्या. मी म्हणालो, घासून टाकू, कोण बघतंय. त्यानं तो साचाच फोडला आणि गाडी परत पाठवली. "साच्याला लाज नसते दत्ता. समोर हाय ते समदं उचलतो. आपल्याला दिसो न दिसो." त्यानंतर आठवडाभर तो शेडमधल्या साच्यांकडं पाठ करून जेवायला बसत नसे.

आता माझ्या दोषाचं सांगतो. त्या पहाटे तो शेडमध्ये आला तो माझ्यामुळं. माझ्या जुन्या गाडीची पट्टी करायची होती. रविवारी लातूरला लेकीच्या साखरपुड्याची बोलणी होती, सोयऱ्यांसमोर गाडी झकास दिसावी ही माझी हौस. आठ दिवस मी त्याच्यामागं धोशा लावला होता. आदल्या दिवशी तो छाती चोळत म्हणाला, "लई दगदग झाली, सोमवारी देतो." मी म्हणालो, "सोमवारी घेऊन काय करू? वरातीमागून घोडं?" तो हसला. मीही हसलो.

दुपारी वहिनी पोचल्या तोवर आम्ही त्याला घरी आणलं होतं. थेट जाऊन त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेतला. तो आता डाव्याइतकाच गार होता. बराच वेळ धरून बसल्या, मग माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, गरम हाय म्हणला होतात नं तुम्ही?" तीन तासांचा रस्ता त्या माझ्या त्या एका वाक्यावर बसून आल्या होत्या. हात टेबलाखालच्या बल्बमुळं गरम होता, हे सांगायला तोंड उघडलं, पण सबब वाटली असती. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर शेड रिकामी करायला घेतली. माझ्या गाडीच्या पट्टीचा साचा तसाच होता. पट्टी सुटून आली ती त्याच्या हातची सर्वांत देखणी, वीण एका रेषेत. मी ती उलटी केली. मागच्या बाजूला पंजा उमटला होता. पाच बोटं, त्यात त्याची कटरनं टोक गेलेली करंगळीसुद्धा. फेकवेना, आणि हार घालून भिंतीवर टांगायची वस्तूही नव्हे. गाडीत डाव्या सीटसमोर बसवली. पंजा आत गेला, वरून काही दिसत नाही. मी हे कुणालाही सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींना कायमचं चाकूरला पोचवायचं होतं. दुसरी गाडी मिळाली नाही म्हणून माझ्या गाडीत बसल्या. सकाळचा गारठा, काचा बंद, ऊन मागच्या बाजूनं. गाडीचा हीटर बंद पडून वर्षं झाली. लोहा मागं पडलं. पुढं कधीतरी त्यांनी मांडीवरचा हात उचलून समोरच्या पट्टीवर ठेवला. जरा सरकवला. मग बोटं पसरली आणि हात तिथंच राहू दिला. मी हळूच माझ्या बाजूची पट्टी चाचपली. गारठलेली होती. "थंडी वाजून राहिली का वहिनी?" त्यांनी नाही अशी मान हलवली. चाकूरच्या फाट्यापर्यंत हात उचलला नाही. गाडी थांबली तेव्हा त्यांनी तो काढला, पदराखाली धरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"हाव भाऊजी... गरमच हाय."