मागे वळून बघणारा पेरो

मेरेरिडचा कुत्रा पेरो अकरा वर्षांचा झाला आणि शिट्टी ऐकेनासा झाला. वेल्सच्या त्या डोंगरात मेंढ्यांचा कुत्रा शिट्टीला दाद देत नसेल तर तो माजला, असंच सगळे धरून चालत. मेरेरिडही. तिनं त्याला दोनदा काठीनं झोडपलंसुद्धा. म्हातारपणाला माज म्हणणं सोपं असतं.

मग एक दिवस पेरोच्या पाठीमागे पत्र्याची बादली दणकन आदळली. मेंढ्या उधळल्या. पेरोचा कान हलला नाही.

"अगं बाई, बहिरा झालाय हा! आणि मी मेली त्याला मारत होते!"

धाकटा भाऊ एमरिस शेताचा निम्मा वाटेकरी. बंदूक त्याचीच. तो म्हणाला, "ताई, बसून खाणारा कुत्रा ठेवायचा नाही, ही बाबांची रीत. पुढच्या शरदात मेंढ्या डोंगरावरून उतरवताना यानं काम केलं तर राहील. नाहीतर..."

"नाहीतर काय? तुझा गुडघा गेला तेव्हा तुला घातली का कुणी गोळी?"

पण अट तिनं कबूल केली. माघार तिच्या रक्तात नव्हती.

हिवाळ्यात पेरोचे खुबे आखडले. तिनं त्याला दगडी खोपटातून उचलून स्वयंपाकघरात चुलीशी आणलं. शेजारचा ग्विलिम खिदळला, "आता पलंगही दे!"

"तुझ्यापेक्षा कमी घोरतो तो. बायकोला विचार तुझ्या."

वसंतात ती रोज त्याच्या अंगावरच्या गोचिड्या वेचायची. त्याची किडलेली दाढ गुरांच्या डॉक्टरकडून उपटून घेतली. उन्हाळ्यात त्याला धाप लागे, म्हणून काम पहाटेच. वजनाचा भार खुब्यांवर नको म्हणून खाण्यातली चरबी बंद.

हाताच्या खुणा तो लवकर शिकला. घोडं अडलं ते दुसरीकडेच. तिथला जातिवंत कुत्रा मेंढ्यांवरची नजर काढत नाही. मागे वळून बघणारा तो भित्रा. पेरोला हे शिकवलं होतं तिनंच. पण वळून बघितल्याशिवाय बहिऱ्याला हाताची खूण दिसणार कशी? आता लांब दोरी, हलका हिसका, वळला की चीजचा तुकडा. महिनोन् महिने.

"चांगला कुत्रा बिघडवतेस," ग्विलिम म्हणाला.

"बिघडवते. बघत राहा."

उतरवणीच्या दिवशी वरची चढण तिनं तरण्या कुत्र्यांना सोडली. पेरोला खालच्या कुंपणाच्या फाटकाशी उभं केलं. मेंढ्या लोटल्या आणि वीसेक जणी फुटून ओढ्याकडे पळाल्या. पेरो धावला, थांबला, मेंढ्यांवर डोळे रोवून उभा राहिला. जुनी सवय! मेरेरिडचा हात वर. ओरडून उपयोग नव्हता.

पेरो वळला. तिच्याकडे बघितलं.

तिनं हात डावीकडे फेकला. लंगडत, वळसा घालून त्यानं सगळ्याच्या सगळ्या फाटकात घातल्या आणि तिथंच बसला. मागचे पाय उठेनात.

तिनं त्याला कोकरासारखं खांद्यावर टाकलं.

"संपला ना तो, ताई?"

"आजच्यापुरता. त्यानं अट पाळली, आता तू पाळ."

एमरिसनं हात पुढे केले. "दे इकडे. कंबर मोडेल तुझी."

"कुत्रा माझा आहे, मीच नेणार. तू पुढं हो आणि स्वयंपाकघराचं दार उघड."