शेवटचा अंक कोणी उघडायचा नाही!

कॉमिक्स वाचणारी मोठी माणसं दर रविवारी एकत्र बसली की वाचन राहतं बाजूला आणि किस्सेच जास्त साचतात. आमचं तेच झालंय.

तळवलीत भोईरदादांच्या तळमजल्यावर आम्ही तिघं बसतो: दादा, बँकेतले कांबळे सर आणि मी. वाचतो 'लोहपंख'. एकाच जोडीने वर्षानुवर्षं लिहिलेली, चितारलेली जुनी सुपरहिरो मालिका. पूर्ण संच फक्त दादांकडे, एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत. नियम असा, की रविवारी एकच अंक. पुढचा कोणी उघडायचा नाही आणि शेवट माहीत असला तरी तोंड उघडायचं नाही!

*

पहिल्याच रविवारी मी गरमागरम कांदाभजी घेऊन गेले. कांबळे सरांनी पुडा उचलून थेट ओट्यावर नेऊन ठेवला.

"मॅडम, हे तेल आणि तो कागद. दोघांची ओळख करून देऊ नका!"

तेव्हापासून आम्ही आधी हात धुतो आणि मगच नमस्कार करतो.

*

महापेच्या ऑफिसातला माझा एक कलीग एकदा सोबत आला. "एका पानाला एवढा वेळ? चार तर वाक्यं आहेत!" म्हणाला.

सरांनी एक पान त्याच्यापुढे धरलं. त्यावर एकही शब्द नाही. हिरो घरी परततोय आणि प्रत्येक चौकटीत त्याची भिंतीवरची सावली लहान होत जाते. "हा माणूस दमलाय हे तुला कोणी सांगितलं? वाक्याने?"

मग कलीगने तो अख्खा अंक पहिल्यापासून बघितला. बायको खाली गाडीत बसलीय, हे त्याला तासाभराने आठवलं!

*

शेवटून दुसऱ्या अंकात लोहपंखाचे पंख तुटतात आणि तो समुद्रात कोसळतो. पुढचं पान नुसतं काळं.

सोमवारी सरांचा चेहरा बघून मॅनेजरने विचारलं, "काय झालं?"

"घरच्यासारखा माणूस आहे. काही खरं नाही त्याचं," सर बोलून गेले.

संध्याकाळी मॅनेजर फळं घेऊन घरी हजर! सरांनी ती मुकाट्याने घेतली. सांगणार काय?

*

पुढच्या रविवारी शेवटचा अंक वाचायचा होता. आठवडाभर दादांकडे रंगकाम चाललेलं. गेलो तर कपाटावरचा अंकांचा खोका रिकामा!

जुनं सामान जासईला चुलतभावाच्या गोडाऊनमध्ये गेलं होतं, म्हणून आम्ही कंटेनरच्या रांगांमधून गाडी काढत तिथे पोचलो. सगळं उपसलं. एक पान नाही. येताना दादा एवढंच म्हणाले, "बापाने घेऊन दिलेली व्हती मना."

घरी आलो आणि दादा स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. त्यांच्या आईने फळीवर सुके बोंबील ओळीने लावले होते. आमच्या पिशव्यांत!

"आय, यातली पुस्तकं कुठं हायत?" दादा ओरडलेच.

"वरडतोस कनाला? पिशव्या झ्याक व्हत्या, त्या घेतल्या. पुस्तकं माज्या लुगड्यांत हायत. रंगवाल्यांनी चुना उडवला असता तर?"

ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घड्यांत सगळे अंक, कोरडे, क्रमाने. दादा मटकन खालीच बसले. हसत होते की रडत होते, देव जाणे. माझ्याही जिवात जीव आला.

शेवटचा अंक सगळ्यांत वर होता. सरांनी घाबरत विचारलं, "आजी, हा कोणी उघडला नाही ना?"

"मना कुठं वाचता येतंय? मी आपली चितरं बघली."

सरांनी झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. डोळेही गच्च मिटले.

म्हातारीने जवळ येऊन त्यांचे हात हळूच बाजूला केले आणि पाठीवरून हात फिरवला.

"येवरा जीवाला लावून घेऊ नको, बाला. मेला नाय तो. दर्यातून कोल्यांनी जालं टाकून काढला. घरी जाऊन जेवला पन!"