सत्तर टक्के डबा

आयटीच्या त्या पहिल्या भरातल्या दिवसांत आम्ही पाच जण वारज्यात एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि एकाच सॉफ्टवेअर कंपनीत काम करायचो. अमेरिका आमच्या भरवशावर चालते असं आमचं ठाम मत होतं. वरण-भात मात्र पाचातल्या एकालाही जमत नव्हता. त्यामुळे मागच्या गल्लीतल्या काकूंचे डबे रोज ऑफिसच्या फाटकाशी यायचे. काकू वर्ध्याकडच्या. आमच्या पाच डब्यांवर त्यांच्या मुलीचं कॉलेज चाललं होतं.

एका शुक्रवारी रात्री पाचही पोटं बिघडली. रविवारी उठून बसता आलं तेव्हा कारण शोधायला बैठक भरली. कंपनीत कुठल्याही कामाचा अंदाज काढायची एक रीत होती: जाणकारांनी एकमेकांशी न बोलता आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि सरासरी काढायची. इथे जाणकार आम्हीच. त्यात माझे मामा डॉक्टर, म्हणून माझ्या चिठ्ठीला जरा जास्त मान. संशयित चार: डबा, ऑफिसातला कूलर, कोपऱ्यावरची पाणीपुरी आणि शुक्रवारी साहेबांनी मोठ्या हॉटेलात दिलेली पार्टी.

चिठ्ठ्या उघडल्या. डब्याला सत्तर टक्के, बाकीचे कूलर आणि पाणीपुरीत वाटले गेले. पार्टीला शून्य. तिथे कापडी नॅपकिन होते ना!

डबे बंद करायचं ठरलं आणि ते सांगायला मामांच्या भाच्यालाच धाडलं.

"काकू, शुक्रवारच्या जेवणानं आम्हाला त्रास झाला," मी सुरुवात केली. "म्हणजे, सगळ्यांचा तसा अंदाज आहे."

काकूंनी पदराला हात पुसले. "पण भाऊ, शुक्रवारचे पाचही डबे भरलेलेच वापस आले. माह्या मनात आलं, भाजी बिघडली का काय. म्हणून संध्याकाळी आम्ही मायलेकींनी तेच खाऊन पाहिलं."

पार्टी दुपारची होती. डबे फाटकाशीच राहिले होते. पाच जाणकारांपैकी एकानंही त्या दुपारी आपण नेमकं काय जेवलो याचा विचार केला नव्हता. मला इतकी लाज वाटली की पायातल्या चपलांकडेच बघत राहिलो.

"तुम्हाला काही झालं नाही ना?" मी कसंबसं विचारलं.

"आम्हाले काय धाड भरते! तुमचाच चेहरा उतरला पाहा. उद्या मऊ भात देऊ का?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी मी कशासाठी आलो होतो, ते काकूंना अजूनही सांगितलेलं नाही.