माझ्या जागी बॅटरी

त्या वर्षी आमची इंजिनिअर कंपनी जयपूरला होती. साठीच्या दशकातली गोष्ट. मी हवालदार होतो, सातारा जिल्ह्यातला. कंपनीचा बोट स्टोअर माझ्या ताब्यात होता. जयपूरमध्ये बोट स्टोअर म्हणजे काय, हे ज्याने जयपूरचा मे महिना काढलाय त्याला सांगायला नको. वर्षभर आम्ही बोटींवरची धूळ झटकायचो आणि इन्स्पेक्शनला त्या ओळीत लावायचो. बाकीचे हवालदार मला हसायचे. "जाधव, आज कितना पानी?" हा मेसमधला रोजचा विनोद होता. मला पहिल्या दिवशीही त्याचं हसू आलं नव्हतं.

बोटीवर माझ्याबरोबर नाईक पांडुरंग तांडेल होता. मालवणचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. त्याला वाळवंटात पाठवणाऱ्या क्लार्कला तो दर रविवारी मालवणीत शिव्या घालायचा, आणि त्या ऐकायला माझी बायको भाजी चिरायची थांबायची. आदर्श नगरमध्ये आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती. तांडेल रविवारी जेवायला यायचा. मासे मिळत नाहीत म्हणून रुसायचा आणि पाच भाकऱ्या खायचा.

त्या साली पाऊस फार झाला. शहराच्या दक्षिणेला, जगतपुऱ्याच्याही पुढे, एक जुना मातीचा बंधारा होता, तिथले लोक त्याला बंध म्हणायचे. जगतपुरा तेव्हा नुसती शेतं होती. बंधाचं पाणी सांडून बाजरीत घुसलं आणि एका वस्तीतली पंधरा माणसं देवळाच्या ओट्यावर अडकली. आम्हाला सकाळी ऑर्डर मिळाली. दुपारी आम्ही पाण्याच्या काठावर होतो. एक बोट, एक लॉरी, एक वायरलेस सेट आणि कॅप्टन साहेब. साहेब वयाने लहान होते, पण डोकं थंड होतं.

ओटा समोर दिसत होता. मध्ये अर्धा मैल पाणी. बंधावर आमची दुसरी पोस्ट होती, तिथून वायरलेसवर दर थोड्या वेळाने आवाज यायचा.

"बंध से बोल रहा हूँ. पानी किनारे तक आ गया है. ओवर."

"कितना टाइम है? ओवर."

"कह नहीं सकते साहब. मिट्टी खिसक रही है. ओवर."

तांडेलने मोटरची दोरी ओढली आणि दोरी त्याच्या हातात आली. जयपूरच्या उन्हाने ती आतून कुजली होती. राहिला सेल्फ-स्टार्टर. त्याला बॅटरी हवी. बोटीची स्वतःची बॅटरी उन्हाळ्यातच कोरडी पडून मेली होती, आणि नवी अजून मिळाली नव्हती. दोनच बॅटऱ्या हाताशी होत्या. एक वायरलेसची जादा बॅटरी, आटोपशीर, एका हातात उचलता येणारी. दुसरी लॉरीची, दोन माणसांनी धरायची.

कॅप्टन साहेबांनी मला विचारलं, "जाधव, कौन सी?"

तांडेल माझ्याकडे बघत होता. त्यालाही उत्तर माहीत होतं, आणि त्या उत्तराचा अर्थही. बोट आठ माणसांची. पाच गावकरी आणले तर क्रूला तीन जागा. मोटरवर एक, मदतीला लॉरीचा ड्रायव्हर, आणि पुढे बांबू घेऊन एक. बांबूवाला म्हणजे मी. झाडंझुडपं आली की बोट त्यांच्यापासून दूर ढकलायची, हे माझं काम. लॉरीची बॅटरी घेतली तर एका माणसाची जागा जाणार होती. मोटरवाला आणि मदतनीस सोडता येत नव्हते, म्हणजे जाणारी जागा माझी.

मी म्हणालो, "लॉरी वाली, सर."

"क्यों?"

"सर, वायरलेसची बॅटरी थोडं थोडं, पण खूप वेळ देते. सेल्फला एका दमात भरपूर लागतं. खाली बाजरी आहे. ताटं पंख्यात अडकणार, मोटर बंद पडणार, पुन्हा पुन्हा स्टार्ट मारावा लागणार. छोटी बॅटरी दोन-तीनदा ओढेल आणि बसेल."

हे मी हिंदीत सांगितलं, इथे मराठीत लिहितोय. लॉरीचं काही अडणार नव्हतं, ती हँडल मारून चालू झाली असती.

साहेबांनी नजरेनेच बोटीतल्या जागा मोजल्या. "फिर तुम रुकोगे. वायरलेस पर."

"यस सर."

आजही कोणी विचारलं तर मी तेच उत्तर देईन. त्याचंच मला वाईट वाटतं.

लॉरीचा ड्रायव्हर भंवरसिंह, शेखावाटीचा गडी. त्याने बॅटरी काढली आणि बोटीच्या तळाशी ठेवून वर ओलं पोतं गुंडाळलं. जयपूरचे सगळे ड्रायव्हर हेच करायचे. ऊन लागू नये, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून बॅटरी जितकी खाली आणि जितकी ओली ठेवता येईल तितकी ठेवायची. इतकी वर्षं उन्हाशी वैर केलेल्या माणसाला पाण्याचं वैर सुचत नाही.

तांडेल ओरडला, "अरे भैया, ये क्या किया! बोट में पानी पहले नीचे ही आता है." मग माझ्याकडे वळून, "हवालदारांनू, हिका वर बांधूया."

बॅटरी मधल्या फळीवर चढली. तांडेलने पोतं फेकून दिलं आणि तिला दोरीने बांधलं. गाठ त्यांच्या मालवणच्या होड्यांवरची होती, मी कधी पाहिली नव्हती. मी बांबू भंवरसिंहच्या हातात दिला. कसा धरायचा ते दाखवलं. दाखवण्यासारखं थोडंच होतं आणि शिकायला वेळ नव्हता.

तांडेलने बॅटरीवर थाप मारली. "तुमची जागा हिका दिलंय. परत इलंय की हिच्यावांगडा भांडा. आणि गाठ कापू नकात. मीच सोडवतलंय." भांडायचं ते तो परत आल्यावर, बॅटरीबरोबर, आणि गाठ तो स्वतः सोडवणार.

सेल्फ मारला. मोटर पहिल्याच झटक्यात लागली.

पहिल्या फेरीत मोटर चार वेळा बंद पडली. दर वेळी तांडेल ती वर उचलायचा, पंख्यातली बाजरीची ताटं कोयत्याने कापायचा, खाली सोडायचा, सेल्फ मारायचा. बॅटरी दर वेळी पहिल्यासारखीच ओढत होती. पाच माणसं आली. दुसऱ्या फेरीत पाच. काठावर उतरवताना तांडेल माझ्याकडे बघून हसला. तोंडावर चिखल, दात तेवढे पांढरे.

तिसऱ्या फेरीला बोट ओट्याकडे पोचली आणि वायरलेस बोलला.

"पानी ऊपर से जा रहा है! ओवर."

पाण्याचा रंग बदलला. आधी ते नुसतं पसरलेलं होतं, आता वाहायला लागलं. मी दुर्बीण लावली. उरलेली पाचही माणसं बोटीत बसत होती, त्यात एक तान्ह्या मुलाची आई. बोट निघाली. निम्म्या वाटेवर मोटर बंद पडली आणि ओढीने बोट एका खेजडीच्या झाडावर जाऊन आडवी टेकली.

भंवरसिंहने बांबू लावला. तो चुकीच्या बाजूला उभा होता. बोट कलली, बाया किंचाळल्या, त्याने बांबू सोडला. मला काठावरून सगळं दिसत होतं. डावीकडून लाव, बुंध्याला लाव, असं मी ओरडत होतो. पाव मैलावर काय ऐकू जाणार! मी छातीपर्यंत पाण्यात गेलो होतो, हे मला साहेबांचा आवाज आला तेव्हा कळलं.

"जाधव! बॅक! दॅट्स ॲन ऑर्डर!"

तांडेलने पंखा मोकळा केला. भंवरसिंहला हाताने खूण करून मोटरवर बसवलं. मग तो बोटीच्या कडेने पाण्यात उतरला, पाठ बुंध्याला टेकवली आणि खांदा बोटीला लावला. बांबूचं काम त्याने अंगाने केलं. बोट सुटली. भंवरसिंहने सेल्फ मारला. इतक्या वेळा ओढून झाल्यावरही त्या बॅटरीवर मोटर एका झटक्यात लागली. लागली नसती तर बोट पुन्हा झाडावर आली असती आणि बोटीतले सगळेच गेले असते.

बोट पुढे आली. मी दुर्बीण झाडावर धरून ठेवली. झाडापाशी कोणी नव्हतं.

साहेबांनी सेट हातात घेतला. "वन मॅन मिसिंग. नाईक तांडेल. ओवर."

काळोख पडेपर्यंत आम्ही शोधलं. बंध शेवटी टिकला. पाणी ओसरल्यावर तांडेल बाजरीच्या शेतात सापडला.

त्या रात्री, शोध थांबवल्यावर, भंवरसिंह लॉरीत बॅटरी परत लावायला आला. गाठ सुटेना. त्याने चाकू काढला. "काट दूं?"

"नहीं."

मी पाना मागितला. फळीचे बोल्ट काढले आणि बॅटरी फळीसकट लॉरीत ठेवली, मागे, डाव्या बाजूला. सकाळी येताना तांडेल तिथेच बसला होता. लॉरी हँडल मारून चालू केली.

जयपूरलाच मानवंदना देऊन त्याला अग्नी दिला. अस्थी आणि त्याची ट्रंक घेऊन मी मालवणला गेलो. साहेबांकडे मी स्वतः ती ड्युटी मागून घेतली होती. त्याची आई ओटीवर बसली होती. रडून झालं होतं. तिने पाणी दिलं. मी वाचलेल्या पंधरा जणांचं सांगितलं, तान्ह्या मुलाचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"तू होतंस बोटीत, तेच्यावांगडा?"

"नाही, आई. बोटीत जागा नव्हती."

बॅटरीचं मी सांगणार होतो. वाटभर तेच जुळवत आलो होतो. तिने हात वर करून मला थांबवलं, आणि जन्मभर होड्या बघितलेल्या त्या बाईने माझी समजूत घातली.

"मगे बरां केलंस, बाबा. भरलेल्या होडयेत चडूचा नसता."